निळ्या-पांढऱ्या चिनी पेल्यावरची तीन झाडं : अर्थ की नुसती नक्षी?

रानजाई
मावशीच्या सासरचं मडगावजवळचं जुनं घर दुरुस्तीला काढलंय. तिथल्या कपाटातला एक चिनीमातीचा पेला मावशीनं मला दिला. कान नाही, बशी नाही, मुठीत मावेल एवढा. बाहेरून एकच चित्र पेल्याला पूर्ण वळसा घालतं : पाइनचा वाकडा बुंधा, त्यामागून सरळ वर गेलेला बांबू आणि एक निष्पर्ण फांदी, तिच्यावर पाच पाकळ्यांची फुलं. मला तरी तो प्लमचा मोहोर वाटतोय.

भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला. पाकळीची कड गडद, आत अगदी फिका निळा. फांदीवर जिथे कुंचला क्षणभर थांबलाय तिथे रंग साचून जवळजवळ काळा झालाय. पाइनच्या सुया एका बिंदूतून चहूकडे ओढल्यात, एकही रेघ दुसरीवर चढलेली नाही. बुडाला निळी दुहेरी कडी आणि तिच्या आत एक पान. अक्षरं काहीच नाहीत.

माझं म्हणणं असं की ही तीन झाडं शोभेसाठी सहज शेजारी आलेली नाहीत. चितारणाऱ्याला काहीतरी सांगायचं होतं. तुम्हाला काय वाटतं? आणि त्या पानावरून वय कळतं का? जाणकारांनी लिहावं.

कोकणकडा
फोटो फार सुरेख आलेत. यात सोलकढी काय दिसेल!

यांगत्से
नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं शांघायला होतो, तेव्हा हा विषय जिव्हाळ्याचा झाला. रानजाई, तुमचा अंदाज बरोबर आहे. चीनमध्ये या तिघांना ‘थंडीतले तीन सोबती’ म्हणतात. बाकी झाडं पानं टाकतात तेव्हा पाइन आणि बांबू हिरवे राहतात, आणि प्लम तर कडाक्याच्या थंडीत, पान फुटायच्या आधी, उघड्या फांदीवर फुलतो. दिवस वाईट आले तरी शील सोडायचं नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पाइन म्हणजे दीर्घायुष्य आणि ठामपणा. बांबू वाकतो पण मोडत नाही. आतून पोकळ, म्हणून नम्रही. प्लमच्या पाच पाकळ्या पाच सुखांच्या मानल्या जातात.

हे प्रतीक आधी अभ्यासकांच्या, कवी-चित्रकारांच्या जगातलं. तेराव्या शतकातला झाओ मेंगजियान हा साँग घराण्याच्या काळातला चित्रकार. त्याचं या तिघांचं शाईचित्र आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. त्यात पाइनच्या सुया, बांबूची पानं आणि प्लमची फुलं एकमेकांत गुंतलेली आहेत. पुढच्या शतकापासून हीच जोडणी निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर दिसायला लागते. म्हणजे कागदावरचं झाड भांड्यावर आलं ते अर्थ बरोबर घेऊनच.

सुमन ताई
वाचतेय. फार छान धागा.

ठिकरी
यांगत्सेंनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण धाग्यातल्या मूळ प्रश्नाशी मी असहमत आहे. ‘चितारणाऱ्याला काहीतरी सांगायचं होतं’ हे वाक्य मला पटत नाही.

ही भांडी जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेनची. तिथे एका माणसानं एक पेला घडवला असं होत नसे. साँग यिंगशिंगनं १६३७ साली चिनी उद्योगधंद्यांवर जो ग्रंथ लिहिला त्यात स्पष्ट म्हटलंय, की एक पेला पुरा व्हायला ७२ हात लागतात. पुढे दँत्रकोल नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री तिथे राहत होता. त्यानं १७१२ च्या पत्रात कारखान्यातली विभागणीच लिहून ठेवली : काठाखालची रंगीत कडी ओढणारा एक, फुलांची रेषा काढणारा दुसरा, रंग भरणारा तिसरा. डोंगर-पाणी काढणारा वेगळा, पक्षी काढणारा वेगळा. कडी ओढणारा आयुष्यभर कड्याच ओढणार!

मी कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांत खूप हिंडलोय. चौलसारख्या ठिकाणी चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या ठिकऱ्या मिळतात. त्यांवरची फुलं पाहिलीत तर कित्येकदा फूल म्हणून ओळखूही येत नाहीत, चार फटकारे आणि संपलं. जहाजं भरून निघालेला माल तो. अर्थ होता तो परंपरेत, कारागिराच्या मनात नव्हे.

मृद्गंध
ठिकरी, विभागणीचं तुम्ही लिहिलंत ते खरं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. मी स्वतः चाकावर काम करते, भट्टी लावते. थोडं तंत्राचं सांगते, म्हणजे मुद्दा कळेल.

हा रंग झिलईच्या खालचा आहे. भांडं वळून, तासून वाळवतात आणि त्या कच्च्या अंगावरच कोबाल्ट पाण्यात कालवून चितारतात. कच्ची माती पाणी क्षणात पिते. कुंचला टेकला की खूण उमटली. पुसायची सोय नाही, सावरून घ्यायची सोय नाही. थांबलात तर डाग पडतो. रानजाईंनी लिहिलेला तो काळसर थेंब तिथलाच. आणि चितारताना तो निळा नसतोच, मळकट करडा-काळा दिसतो. वर झिलई चढवून साधारण १३०० अंशांला, धूर कोंडून भाजलं की मग निळा उघडतो. म्हणजे पाकळीचा फिका आणि कडेचा गडद हा फरक माणसानं निळा न बघता, पाणी किती घातलं यावर साधलाय.

आता विचार करा. आयुष्यभर प्लमचीच फांदी काढणारा माणूस. कळी जुन्या लाकडाला कुठे चिकटते, फूल मागून कसं दिसतं, फांदीला कोन कुठे पडतो हे त्याच्या बोटांत बसलेलं. त्याला लिहिता-वाचता येत नसेल, पण नववर्षाला त्याच्याही घरात हीच फांदी लागत होती. अर्थ फक्त पंडितांनाच कळतो हे मला मान्य नाही.

निशिगंध
मृद्गंध +१. धूर कोंडून भाजण्याचं नव्यानं कळलं.

झुंबरवाला
माझ्याकडे निळ्या-पांढऱ्या ताटल्या आहेत, मुंबईच्या चोरबाजारातून घेतलेल्या. पूल, त्यावर तीन माणसं, विलोचं झाड, वर दोन पक्षी. विकणाऱ्यानं ‘मिंग राजाची’ म्हणून दिल्या. प्रेमी युगुल पळून गेलं आणि त्याचे पक्षी झाले ही गोष्टही ऐकवली. हेही प्रतीकच ना?

ठिकरी
झुंबरवाला, ही विलो नक्षी. ती चिनी नव्हे, इंग्लिश आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या कारखान्यांनी चिनी चित्रांच्या धर्तीवर ती जुळवली, आणि पक्ष्यांची गोष्ट माल खपवायला मागाहून आली. ताटली तिरपी धरून काठाची नक्षी बघा. बहुतेक एका ठिकाणी ती नीट जुळलेली नसेल, कारण ती कागदावरून उतरवलेला छापा असते. हातानं काढलेल्या रेषेची जाडी बदलते, छाप्याची बदलत नाही.

ताटल्या जुन्या असू शकतात हां. टाकू नका.

झुंबरवाला
आत्ताच बघितलं. काठावर जोड आहे, अर्धं फूल कापलं गेलंय! ताटल्या तरीही लाडक्याच राहतील, बायको त्यांतच पोहे देते.

यांगत्से
पानाच्या खुणेबद्दल. रानजाई, हा भाग फार महत्त्वाचा आहे. चिनी भांड्यांच्या बुडाला सहसा बादशहाच्या कारकिर्दीचं नाव लिहीत. पण १६७७ साली जिंगदेझेनच्या स्थानिक दंडाधिकाऱ्यानं हुकूम काढला, की भांड्यांवर बादशहाचं नाव घालायचं नाही. भांडं फुटलं, उकिरड्यावर गेलं, की नावाची विटंबना होते म्हणून. बादशहा तेव्हा कांगशी, कारकीर्द १६६२ ते १७२२. मग खासगी भट्ट्यांनी दुहेरी कडी तशीच ठेवली आणि आत कधी पान, कधी चिरंजीवित्वाची बुरशी लिंगझी, कधी कमळ काढलं. काहींनी कडी रिकामीच सोडली.

ते पान साधारणपणे आर्टेमिसियाचं मानलं जातं. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा त्याच कुळातला. चीनमध्ये हे पान शुभ वस्तूंत मोडतं, आणि या वनस्पतीच्या वाळल्या पानांचा धूर औषधीही मानतात.

पण निव्वळ खुणेवरून वय ठरवू नका. चिनी कारागीर जुन्या खुणा आदरानंही घालत आणि विक्रीसाठीही. बुडाची कडी बघा : झिलई जिथे संपते तिथे उघडी माती दिसते का, हाताला गुळगुळीत लागते का, कडेला फिकट नारिंगी रेघ आहे का. काठावर झिलईचे बारीक कण उडालेत का. हे सगळं एकत्र बघायचं असतं आणि शेवटी ज्यानं अशी शेकडो भांडी हाताळलीत त्याला दाखवायचं.

गिरगावकर
यात मुंबईचा एक मोठा दुवा आहे, तो कुणीच आणला नाही म्हणून लिहितो. निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या इतिहासात ज्यांच्यावरून काळ मोजला जातो त्या दोन उंच सुरया ‘डेव्हिड सुरया’ म्हणून ओळखल्या जातात. हे पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली मुंबईतच जन्मलेले, इथल्या बगदादी ज्यू घराण्यातले. त्यांनी जमवलेली साधारण १७०० चिनी भांडी २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वेगळ्या दालनात मांडलेली आहेत. सुरयांवर लेख आहे, त्यात १३५१ सालाची तिथी आहे. एका भाविकानं त्या देवळाला वाहिल्या होत्या.

आणि हा लेख कुठे लिहिलाय? मानेवरच्या केळीच्या पानांच्या मधोमध. अंगावर ड्रॅगन आणि फिनिक्स आहेत, पण काठापासून बुडापर्यंत शेवंती, केळ, कमळ, पिओनी असे वनस्पतींचे पट्टे चढलेत. लंडनला गेलो तेव्हा बाकीचे लोक ड्रॅगन बघत होते, मी केळीची पानं बघत उभा होतो.

मुंबईतल्या लोकांनी काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जरूर जावं. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू तिथे आहेत. गर्दी खाली मूर्तींपाशीच थांबते, त्यामुळे तुम्हाला निवांत बघता येईल.

सुमन ताई
गिरगावकर, हे माहीतच नव्हतं. आमच्या पारशी शेजारणीकडे चीनहून आलेली गारा साडी होती, तिच्यावरही अशीच पिओनी आणि शेवंती भरलेली. तिच्या पणजोबांचा कँटनशी व्यापार होता. फुलं तीच, फक्त रेशमावर.

बाकी झाडांचे अर्थ कुणी सांगेल का?

यांगत्से
सुमन ताई, थोडक्यात सांगतो. पिओनी म्हणजे ऐश्वर्य. शेवंती शरदातली, राजदरबार सोडून गावी परतलेल्या ताओ युआनमिंग या कवीची आवडती, म्हणून ती निवृत्तीची आणि स्वाभिमानाची. कमळ चिखलातून येऊन निर्मळ राहतं, असं अकराव्या शतकात झोउ दुनयी या तत्त्वज्ञानं लिहिलं आणि ते घराघरांत गेलं. डाळिंब फुटलेलं काढतात, दाणे दिसायला हवेत, पुष्कळ संतती. पीच दीर्घायुष्याचं. आणि बोटं फुटल्यासारखं दिसणारं एक फळ असतं, ‘बुद्धाचा हात’, ते सुखाचं. पीच, डाळिंब आणि बुद्धाचा हात ही तीन फळं एकत्र आली की आयुष्य, संतती आणि सुख असा पुरा आशीर्वाद होतो. लग्नाच्या, वाढदिवसाच्या भेटींवर हेच.

करवीरकन्या
तो ‘बुद्धाचा हात’ म्हणजे महाळुंगाचाच एक प्रकार, बरं का! आमच्या अंबाबाईच्या हातात महाळुंग आहे. फळ एकाच जातीचं, तिकडे पेल्यावर, इकडे देवीच्या हातात. अंगावर काटा आला वाचताना.

मृद्गंध
पेल्यांचा विषय निघालाय तर कांगशीच्या काळातले बारा महिन्यांचे पेले सांगायलाच हवेत. राजदरबारासाठी जिंगदेझेनच्या सरकारी भट्ट्यांत घडलेले. बारा पेल्यांचा संच, प्रत्येकावर त्या महिन्याचं फूल आणि पाठीमागे दोन ओळींची कविता, शेवटी छोटा शिक्का. काही संच नुसते निळे-पांढरे, काहींत निळ्याबरोबर इतर रंग. पाचव्या महिन्याला डाळिंबाचं फूल, सहाव्याला कमळ, नवव्याला शेवंती. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात संच आहे.

भिंत इतकी पातळ की उजेडासमोर धरला तर बाहेरची फांदी आतून दिसते. हे मी तांत्रिक दृष्टीनं सांगतेय : इतकं पातळ भांडं वाळताना वाकतं, चितारताना पाणी पिऊन मऊ पडतं, भट्टीत कलतं. त्यावर कमळाचं पान एका श्वासात ओढायचं. मी प्रयत्न करून पाहिलाय, म्हणून त्या माणसांपुढे मान झुकते.

कोकणकडा
बारा पेले, बारा फुलं. आमच्याकडे आला असता तर फणसाचा पेला कुठल्या महिन्यात बसवायचा यावरून भावाभावांत वाटण्या झाल्या असत्या.

झुंबरवाला
किंमत किती असते हो अशा पेल्याची? ते कोंबडीच्या पेल्याचं वाचलं होतं कुठेतरी.

गिरगावकर
२०१४ साली हाँगकाँगच्या सदबीजच्या लिलावात चेंगहुआ काळातला, म्हणजे पंधराव्या शतकातला कोंबड्यांचा पेला २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. घेणारे शांघायचे संग्राहक लिउ यिचियान, आणि त्यांनी त्यातून चहा पिऊन दाखवला, त्यावर टीकाही झाली. पण तो दरबारी पेला, जगात मोजकेच शिल्लक. रोजच्या व्यापारातल्या पेल्यांशी त्याची तुलना नको. बुडालेल्या जहाजांतूनच केवढा माल वर आलाय! १७५२ साली बुडालेल्या गेल्डरमाल्सन या डच जहाजातली भांडी १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलावात गेली, ती दीड लाखाच्या घरात होती.

निशिगंध
रानजाई, तुम्ही पण चहा पिणार का यातून? शिसं वगैरे असतं म्हणतात.

मृद्गंध
शिशाचा प्रश्न मुख्यतः झिलईच्या वर चढवलेल्या रंगांचा. लाल-हिरवे-पिवळे जे नंतर कमी आचेवर बसवतात त्यांत शिसं वापरत. झिलईखालचा निळा पूर्ण बंद असतो. तरीही पिऊ नये. बारीक तडा असेल तर उकळत्या चहानं पेला दोन तुकडे होईल. साबणही घासू नका, कोमट पाण्यात मऊ फडकं पुरे. आणि धुताना बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरा.

ओहायोची मिरची
माझ्या आत्याकडेही असेच दोन पेले आहेत पुण्यात. पुढच्या खेपेला घेऊन येईन म्हणते.

गिरगावकर
मिरची, थांबा! १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरचीच आहे, भेट मिळालीय, हे विमानतळावर चालत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे दाखवा. वस्तू पुरावस्तू नाही असा दाखला मिळाला तरच न्या.

ओहायोची मिरची
बरं झालं सांगितलंत. आत्याला आजच फोन करते, पेले तिथेच राहू देत.

ठिकरी
मूळ प्रश्नाकडे येतो. मृद्गंध यांचा प्रतिसाद मी नीट वाचला, तरी माझं म्हणणं कायम आहे, आणि त्याला आणखी एक दाखला देतो. कांगशीच्याच काळात तडकलेल्या बर्फाच्या निळ्या जमिनीवर प्लमची पांढरी फुलं असलेल्या झाकणाच्या बरण्या निघत. अर्थ किती सुंदर : बर्फ फुटतोय, वसंत येतोय. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या शौकिनांनी त्यांच्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजले, आणि त्या फुलाला ते हॉथॉर्न समजत होते. घेणाऱ्याला फूलच माहीत नाही! रानजाईंचा पेला गोव्याच्या वाटेनं आला असेल तर तोही असाच परक्या घरी गेला. मग सांगायचं होतं ते कुणाला?

मृद्गंध
घेणाऱ्याला कळलं नाही म्हणून सांगणाऱ्यानं सांगितलंच नाही असं कसं होईल? आणि परदेशी गिऱ्हाइकासाठी माल काढायचा तर त्याला कळणारं काहीही चाललं असतं. युरोपीय घराण्यांची मानचिन्हं, जहाजं, ख्रिस्ती चित्रंसुद्धा या भट्ट्यांनी मागणीनुसार काढली आहेत. इथे तसं काही नाही, तीन सोबतीच आहेत, पुरे तिघे.

रानजाई, एक बघाल का? फांदीवर फुलांच्या मागच्या बाजूही दिसतात का, आणि कळ्या कशा बसल्यात? शिवाय बुडाचं पान आणि ही फांदी एकाच हातातली वाटते का?

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. भिंग घेऊन पुन्हा बसले होते, नवे फोटो टाकलेत.

बुडाच्या कडीला नारिंगी रेघ आहे, माती गुळगुळीत लागते. काठावर दोन ठिकाणी झिलईचे कण उडालेत. पान भरभर काढलंय, शिरा सुटून कडेबाहेर गेल्यात. फांदी अगदी वेगळी, सावकाश आणि घट्ट. दोन वेगळे हात आहेत असं मला स्पष्ट वाटतं, म्हणजे ठिकरी, तुमचे ७२ हात इथे दिसतात.

पण मृद्गंध म्हणतात ते पाहिलं. पाच फुलं पुढून, दोन मागून, आणि मागून दिसणाऱ्या फुलांना देठाजवळ निदलांचे, म्हणजे पाकळ्यांखालच्या छोट्या हिरव्या पानांचे, तीन बारीक ठिपके आहेत. कळ्या थेट जुन्या लाकडाला चिकटल्यात, पान कुठेही नाही. गोव्यात हा पेला कुणाच्या हाती पडला आणि त्याला काय कळलं, हे या ठिपक्यांना लागू होत नाही. ते कुणी मागितले नव्हते आणि त्यांच्यावाचून माल अडलाही नसता. ज्यानं ते काढले त्याला ते फूल ठाऊक होतं आणि ते बरोबर यावं अशी त्याची इच्छा होती. मी माझ्या मतावर ठाम आहे.

येत्या शनिवारी काळा घोड्याच्या संग्रहालयात जातेय. कुणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ठिकरी
मी येतो. ठिपक्यांचा फोटो जवळून पाहिला, त्यावर तिथे भांडू. दुसरा मजला की पहिला, ते गिरगावकर सांगतील.

गिरगावकर
मीच येतो ना! तिकीटखिडकीपाशी भेटू.